विट्याची भट्टी, हट्टीची खाण

विट्यात विहीर खणायला घेतली की वरची माती थोड्याच हातांत संपते. मग मुरूम लागतो, मुरमाखाली काळा पाषाण, त्याखाली बारीक पोकळ्यांनी भरलेला नरम थर आणि पुन्हा काळा पाषाण. खानापूर तालुक्यात कुठेही खणा, क्रम हाच. या दगडातून कोणी सोने काढले नाही, चांदी नाही, तांबेही नाही. तरीही मदुराईपासून कोलकात्यापर्यंतच्या कोणत्याही मोठ्या सराफ बाजारात जा आणि जुने दागिने आटवून शुद्ध सोने काढून देणारे गलाईचे दुकान विचारा. तिथे बहुधा विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, नाहीतर शेजारच्या साताऱ्यातल्या खटाव-माण भागातला माणूस भेटतो. दुष्काळाने घराबाहेर काढलेल्या या पट्ट्याने तीन-चार पिढ्यांत धातूचा कस ओळखण्याची विद्या कमावली.

समोर आलेल्या मालात धातू किती, तो कशाशी मिसळलेला आहे आणि वेगळा करायला खर्च किती येईल, हा हिशेब गलाईवाल्याला रोज करावा लागतो. खाणीच्या शास्त्रातला मुख्य हिशेबही हाच आहे. म्हणून दख्खन, गोवा, विदर्भ आणि कर्नाटकाच्या सीमाभागातल्या जुन्या खाणींच्या खडकात धातू किती होता आणि किती उरला, याचा आढावा विट्यापासून सुरू करणे मला योग्य वाटते. जुन्या खाणींविषयी आपल्याकडे बोलणे होते ते टनांच्या आकड्यांत. एवढे टन साठा, तेवढे टन उत्पादन. कसाचा आकडा, म्हणजे एका टन खडकात किती ग्रॅम किंवा किती टक्के धातू आहे हे, बातमीत क्वचितच येते. खाण चालणार की बंद पडणार हे मात्र त्याच आकड्यावर ठरते.

पहिल्यांदा पायाखालचा दगड पाहू. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनला. आज त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. हा दगड धातूंच्या बाबतीत कंगाल आहे असे समजणे बरोबर नाही. त्याच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा लोखंडाचा असतो. टनामागे शंभर-दोनशे ग्रॅम तांबे असते, म्हणजे दहा टन पाषाणात किलो-दोन किलो. टायटॅनियम आहे, व्हॅनेडियम आहे, टनामागे काही मिलिग्रॅम सोनेसुद्धा आहे. पावसाळ्यानंतर येरळेच्या पात्रात वाळूवर काळ्या रेघा उठतात, त्यांवरून लोहचुंबक फिरवला की मॅग्नेटाइटचे कण चिकटून येतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची इल्मेनाइटयुक्त काळी वाळू याच जातीची. पण बहुतेक धातू सिलिकेट खनिजांच्या जाळ्यात अणू-अणूने अडकलेला आहे. तो सोडवायला लागणारी ऊर्जा धातूच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त आहे. धातू असणे आणि धातुक असणे यांत हा फरक आहे. ज्या खडकातून धातू फायद्याने काढता येतो तोच धातुक.

असाच लाव्हा जगात दोन ठिकाणी मोठा धनी निघाला. अमेरिकेत सुपीरिअर सरोवराच्या काठी, मिशिगनच्या किविनॉ द्वीपकल्पात, सुमारे एकशे दहा कोटी वर्षांपूर्वीचे बेसाल्टचे थर आहेत. ते खोल गाडले गेले, तापले आणि त्यांतून फिरलेल्या गरम पाण्याने खडकातले विखुरलेले तांबे विरघळवून वरच्या थरांच्या पोकळ्यांत आणून सोडले, तेही शुद्ध धातूच्या रूपात. १८४० च्या दशकापासून १९६० च्या दशकाअखेरपर्यंत तिथे सुमारे पन्नास लाख टन तांबे निघाले. दुसरे ठिकाण सायबेरियातले नोरिल्स्क. तिथला लाव्हा वर येताना गंधकयुक्त गाळाच्या खडकांतून गेला, गंधक पिऊन आला. गंधकाचे वितळलेले थेंब लाव्ह्यातून निकेल, तांबे आणि पॅलेडियम वेचून घेत तळाशी साचले. आपल्या पाषाणातही पोकळ्या आहेत आणि त्यांत पाणीही फिरले. पण ते तुलनेने कोमट राहिले आणि त्याने स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट अशी झिओलाइट कुळातली आणि त्यांच्या सोबतची सुंदर स्फटिके भरली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत पोचले आहे. नोरिल्स्कसारखा गंधकाचा मोठा साठाही सह्याद्रीच्या थरांत हाती लागलेला नाही. लाव्हा तोच, पण त्याला गोळा करणारा हात मिळाला नाही.

पश्चिमेकडे मात्र पावसाने तो हात दिला. बेसाल्टमध्ये ॲल्युमिना साधारण तेरा-चौदा टक्के आणि सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास असते. घाटमाथ्यावरच्या सपाट पठारांवर लक्षावधी वर्षे पडणाऱ्या पावसाने सिलिका, चुना, मॅग्नेशियम, सोडियम धुऊन नेले आणि मागे उरलेल्या जांभ्यात ॲल्युमिना पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत चढली. तेच आपले बॉक्साइट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगड तालुक्यांतल्या माथ्यांवरचे बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याला जात आले आहे. विट्याच्या आणि राधानगरीच्या खालचा दगड मुळात एकच आहे. एकीकडे पाऊस दुसरीकडच्या कितीतरी पट पडला, एवढ्यावर एका ठिकाणी धातुक झाले आणि दुसऱ्या ठिकाणी बाजरीचे माळ राहिले. त्या पठारांवरचे खाणकाम वेगळ्या कारणाने नाजूक आहे. जांभ्याचे हेच टोपण पावसाचे पाणी धरून खालच्या झऱ्यांना पुरवते. ते खरवडून काढले की पायथ्याच्या वाड्यांचे झरे आटतात. टनाचा भाव काढताना हा खर्च कोणी मांडत नाही, आणि तो मांडायला हवा असे मी आग्रहाने म्हणतो.

जांभ्यातले लोखंडही एके काळी काढले जात होते. महाबळेश्वरच्या आसपास आणि कोल्हापूरच्या डोंगराळ भागात धावड लोक लोहयुक्त जांभा फोडून, कोळशाच्या लहान भट्ट्यांत भाता मारून लोखंड पाडत. त्यांच्या मालात लोखंडाचे प्रमाण बेताचे होते, जंगल मात्र भरपूर लागे. एकोणिसाव्या शतकात कोळशासाठी लाकूडतोडीवर बंधने आली, विलायती लोखंड स्वस्त झाले आणि हा धंदा संपला. धातुक तिथेच राहिले, आजही आहे. इंधन आणि बाजार बदलले की चालू खाण पुन्हा साधा दगड होऊन जाते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

दख्खनच्या पाषाणात तांबे, कथील, शिसे यांचे धातुक नसल्याने इथल्या माणसांना हे धातू फार पूर्वीपासून बाहेरून आणावे लागले. सातवाहनांनी शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाश्याच्या वर्णनग्रंथात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांची नोंद आहे. कऱ्हाड आणि कोल्हापूर ही त्या काळातली भरभराटीची गावे. बाहेरून आलेला धातू आटवणे, घडवणे आणि पुन्हा आटवणे हे या प्रदेशाचे फार जुने काम आहे.

मग पाषाणाच्या खाली काय आहे? याचे उत्तर दोन भूकंपांनी दिले. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली, ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी. दोन्ही ठिकाणी पुढे संशोधनासाठी खोल विंधन झाले. किल्लारीला ३३८ मीटरवर लाव्हा संपला, खाली गाळाचा पातळ थर आणि मग प्राचीन नाइस खडक लागला. कोयना भागात लाव्ह्याचा तळ गाठायला कुठे सुमारे नऊशे, तर कुठे बाराशे मीटरच्या पुढे जावे लागले, आणि तिथेही खाली ग्रॅनाइट व नाइसच होते. विटा या दोहोंच्या मध्ये येते. म्हणजे विट्याच्या माणसाच्या पायाखाली, शेकडो मीटर काळ्या पाषाणाच्या तळाशी, कर्नाटकात उघडे पडलेले तेच अडीचशे कोटी वर्षांहून जुने भूकवच पसरलेले आहे. त्यात सोन्याचे पट्टे असू शकतात. पण एवढ्या जाडीच्या आवरणाखालचा अरुंद पट्टा शोधणे आणि तिथवर उतरणे या दोन्ही गोष्टी आजच्या खर्चात बसत नाहीत. हे सोने नकाशावरच्या शक्यतेपुरते आहे, कोणी त्याच्या नावावर शेतकऱ्याची जमीन मागायला आला तर त्याला सरळ परत पाठवावे.

दक्षिणेला आणि पूर्वेला हे आवरण संपते आणि खाली दडलेला प्राचीन खडक, ज्याला धारवाडी म्हणतात, वर येतो. रायचूरच्या लिंगसुगूर तालुक्यातले हट्टी, गदगजवळचा कप्पतगुड्डा, आणखी दक्षिणेला कोलार. या तिन्ही ठिकाणी सोने हरितपाषाणाच्या पट्ट्यांत आहे. हे पट्टे म्हणजे पृथ्वीच्या बाल्यातले बेसाल्टच, दाबाने आणि उष्णतेने पालटून हिरवट झालेले. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी खोलातून तीन-चारशे अंश तापमानाचे पाणी फटींतून वर आले. त्यात गंधकाशी बांधलेले सोने विरघळलेले होते. फट उघडली की दाब एकदम पडे, किंवा पाण्यातले गंधक शेजारच्या खडकातल्या लोखंडाशी जुळे, आणि सोन्याला विरघळून राहणे अशक्य होई. ते गारेच्या शिरेत, पायराइट आणि आर्सेनोपायराइट यांच्या सोबतीने बसले. हेच पुन्हापुन्हा घडले म्हणून शिरा भरल्या.

हट्टीला मी या आढाव्यात सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण तिथे जुनी खाण म्हणजे काय ते नीट समजते. आधुनिक कंपन्या येण्यापूर्वीच्या माणसांनी तिथे सुमारे दोनशे मीटर खोलीपर्यंत खोदले होते. त्या खोदकामात सापडलेल्या लाकडांच्या कार्बन कालमापनावरून ते काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ठरते. सुरुंगाची दारू नव्हती, पंप नव्हते. खडकाला आग लावून तापवायचे, तो तडकला की घणाने फोडायचा, वर आणून दगडी उखळांत कुटायचा आणि पाण्यात धुऊन सोने वेगळे करायचे, अशी ती पद्धत. खाणीच्या परिसरात अशी उखळे आणि घासून खोल झालेल्या शिळा विखुरलेल्या आढळल्या आहेत. जवळच मस्की आहे. तिथला अशोकाचा शिलालेख १९१५ मध्ये सी. बीडन या सोन्याच्या खाणींच्या अभियंत्याला दिसला, आणि त्या लेखात प्रथमच अशोक हे नाव राजाच्या आज्ञेत सापडले. मौर्यांचे दक्षिणेतले ठाणे सुवर्णगिरी हे याच सोन्याच्या मुलखात असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींच्या अध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि पूर्वी चालून गेलेली खाण कशी ओळखावी हेही त्यात सांगितले आहे. खुणा चार: कीट म्हणजे धातूचा मळ, मूस, कोळसा आणि राख. विसाव्या शतकात भूवैज्ञानिक जुन्या खाणी शोधायला निघाले तेव्हा त्यांनीही याच खुणा शोधल्या. कोलारमध्ये तर जुन्या खड्ड्यांच्या खाली उतरल्यावरच, १८८० च्या दशकात, चॅम्पियन नावाची शीर सापडली आणि खाण चालवणाऱ्या जॉन टेलर कंपनीचे नशीब फळले.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. जुन्यांनी सोने काढून संपवले असेल, तर त्याच जागी पुन्हा का खोदायचे? ज्या थरात जुने लोक काम करत तो पृष्ठभागाजवळचा गंजलेला थर होता. हवा आणि पाणी लागून तिथले पायराइट कुजते, त्याचा तांबडा गंज होतो आणि आत अडकलेले सोने सुटे, डोळ्यांना दिसणारे होते. हलके पदार्थ वाहून गेल्याने कसही वाढतो. तो माल संपला किंवा खाली पाणी लागले की काम थांबे. त्या माणसांना थांबवले ते बहुतेक ठिकाणी पाण्याने. शीर खाली चालूच राहिलेली होती. पण खालचे सोने बारीक, गंधकी खनिजांत बंद असलेले, नुसत्या धुण्याने न सुटणारे. त्यासाठी १८८७ मध्ये शोधलेली सायनाइडची प्रक्रिया यावी लागली.

कोलारची गोष्ट म्हणजे कस खाली कसा उतरतो याचा शंभर वर्षांचा आलेख आहे. सुरुवातीच्या वर्षांत टनामागे चाळीस ग्रॅमच्या आसपास सोने निघे. खाणीसाठी १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज सुमारे दीडशे किलोमीटर तारेने आणली गेली. एवढा खर्च त्या कसाने सहज पेलला. पुढे खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, तळाच्या खडकाचे तापमान साठ अंशांच्या वर पोचले, दाबाने खडक फुटून कामगार दगावू लागले, आणि कस तीन-चार ग्रॅमवर आला. एकूण आठशे टनांहून अधिक सोने देऊन कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. शिरेत सोने तेव्हाही होते. ते काढण्याचा खर्च त्याच्या भावाच्या वर गेला होता. ज्यांनी धुळीने फुप्फुसे गमावली त्यांचा खर्च कंपनीच्या वहीत तर कधीच पूर्ण लागला नाही.

हट्टी अजून चालू आहे. तिथला कस गेल्या काही दशकांत उतरत टनामागे तीन ग्रॅमच्या आसपास आला आहे आणि वर्षाला दीडेक टन सोने निघते. देश वर्षाला सात-आठशे टन आयात करतो, त्यापुढे हा आकडा लहानच. पण तीन ग्रॅमचा अर्थ समजून घ्यावा. दहा टक्के सोने प्रक्रियेत निसटते असे धरले, तर दहा ग्रॅमच्या एका वळ्यासाठी साधारण पावणेचार टन कठीण खडक शेकडो मीटर खोलातून उचलून पिठासारखा दळावा लागतो.

गदगच्या कप्पतगुड्ड्याचे सोने मात्र आशेनेच जास्त चमकले. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ मध्ये याच भागातल्या डंबळच्या डोंगरांतल्या सोन्यावर लेख लिहिला. ओढ्यांच्या रेतीत सोने धुणारे जलगार तिथे आधीपासून होते, आणि मोठ्या पावसानंतर त्यांच्या पाटीत थोडे का होईना सोने येई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कंपन्या आल्या, विहिरी उतरवल्या आणि काही वर्षांत गुंडाळून गेल्या. त्याआधी वायनाडमध्ये याहून मोठा फुगा फुटला होता. १८८० च्या सुमारास आशादायक अहवालाच्या जोरावर लंडनमध्ये तीसहून अधिक कंपन्या निघाल्या, यंत्रे जंगलात चढवली गेली आणि सोने जवळजवळ निघालेच नाही. दोन्हीकडे कारण एकच. नमुना निवडून घेतला होता. शिरेत सोने एकसारखे पसरलेले नसते. एका वितीत टनामागे शंभर ग्रॅमचा कस निघतो आणि पुढच्या दहा हातांत काहीच नसते. चमकणारा तुकडा उचलून प्रयोगशाळेत नेला की आकडा डोळे दिपवतो, पण दिवसभराच्या दळलेल्या मालाशी त्याचा संबंध नसतो.

गलाईवाला या सापळ्यात सापडत नाही, कारण त्याला त्याची किंमत त्याच दिवशी मोजावी लागते. लगडीचा टंच काढायचा तर तो दोन्ही टोकांतून नमुना घेतो. धातू थंड होताना एका बाजूला जड झालेला असू शकतो हे त्याला माहीत असते. कंपन्यांच्या अहवालांतल्या जुन्या आकड्यांकडे आपण याच नजरेने पाहिले पाहिजे: नमुना कोणी घेतला, कुठून घेतला, किती रुंदीवर घेतला. हे तीन प्रश्न सुटत नाहीत तोवर कसाचा आकडा वापरू नये.

अलीकडचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून अधिक सोने सापडल्याची बातमी देशभर झाली. काही दिवसांतच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला. तिथे अंदाजे ५२,८०६ टन सोनेयुक्त खडक होता आणि त्याचा सरासरी कस टनामागे ३.०३ ग्रॅम. गुणाकार केला तर सुमारे १६० किलो सोने होते. खडकाचे टन आणि धातूचे टन यांची गल्लत झाली की अशी बातमी तयार होते. शिवाय विंधनातून अंदाजलेला साठा आणि खर्च वजा जाता खरोखर काढता येणारा साठा हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि वृत्तपत्रांनी दोन्ही छापल्याशिवाय एकही छापू नये.

लोखंड, मँगनीज आणि तांब्याची गोष्ट निराळी आहे. तिथे हिशेब ग्रॅमचा नसून टक्क्यांचा. गोव्यात पट्टेदार लोहखडकातली सिलिका पावसाने धुतली गेली आणि लोखंड पंचावन्न टक्क्यांच्या वर चढले. पोर्तुगीज काळात दिलेल्या परवान्यांवर दशकानुदशके उघड्या खाणी चालल्या, जपानला आणि पुढे चीनला माल गेला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ते पुन्हा सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. खाणींच्या काठावर टाकलेल्या कमी कसाच्या मातीचे डोंगर मागे राहिले. चिनी बाजार तेजीत आला तेव्हा एके काळी टाकाऊ ठरलेला असा मालही विकला गेला. सिंधुदुर्गातल्या रेडीचे लोहधातुक याच कुळातले, आणि त्याच जिल्ह्यात कणकवलीजवळ थोडे क्रोमाइटही आहे.

नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज हा महाराष्ट्राचा एक मोठा धातुसाठा. मनसरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम सुरू झाले. एल. एल. फर्मर यांचा भारतातल्या मँगनीजवरचा मोठा ग्रंथ १९०९ मध्ये आला, आणि त्यांनी गोंड लोकांच्या नावावरून तिथल्या एका खडकाला दिलेले गोंडाइट हे नाव आज जगभर चालते. प्राचीन समुद्रतळावरचा मँगनीजयुक्त गाळ दाबाने पालटून हे धातुक झाले. चिखला, डोंगरी बुजुर्ग, गुमगाव, कांद्री या खाणी अजून चालतात. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या कामाचे. चंद्रपूरच्या ठाणेवासन्याला तांबे आहे, कस टक्क्याच्या आत. जगात याहून कमी कसाच्या तांब्याच्या खाणी चालतात, पण त्यांचे साठे अफाट असतात. साठा लहान असेल तर हा कस अपुरा पडतो.

आता मागे उरलेल्या ढिगाऱ्यांकडे येऊ, कारण जुन्या खाणीतला धातू मोजताना लोक बोगद्यात पाहतात आणि बाहेरचा डोंगर विसरतात. कोलारच्या सायनाइड ढिगाऱ्यांत सुमारे तीन कोटी तीस लाख टन दळलेला माल पडून आहे. त्यात टनामागे अर्धा-पाऊण ग्रॅम सोने आहे. शिरेतल्या मालापेक्षा कस कमी, पण खोदाई झालेली, दळण झालेले आणि माल उघड्यावर. उन्हाळ्यात याच ढिगाऱ्यांची धूळ वस्तीवर उडते. सोने काढून उरलेला गाळ नीट बंदिस्त केला तर वस्तीचीही सुटका होईल. म्हणून नव्या खाणीच्या स्वप्नाआधी हे काम व्हावे.

याच तर्काने पुढे गेले की सर्वांत भारी कसाची खाण शहरात सापडते. एक टन जुन्या मोबाइल फोनमध्ये दोनशे-तीनशे ग्रॅम सोने असू शकते. हट्टीच्या एका टनात तीन. बावीस कॅरेटच्या दागिन्यांचा कस तर टनामागे नऊ लाख सोळा हजार ग्रॅम. भारतातल्या घराघरांत पंचवीस हजार टनांच्या आसपास सोने असल्याचे अंदाज आहेत. या साठ्यावर विटेकरांनी आयुष्ये घातली.

त्यांची प्रक्रिया खाणीच्या प्रयोगशाळेतल्या अग्निपरीक्षेच्या, म्हणजे तापवून कस काढण्याच्या पद्धतीच्या, सख्ख्या नात्यातली आहे. जुने सोने मुशीत आटवताना त्यात चांदी मिसळतात, इतकी की सोने एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शावर यावे. हे उलटे वाटते, पण सोन्याचे प्रमाण जास्त राहिले तर तेजाब आतल्या चांदी-तांब्यापर्यंत पोचतच नाही. वितळलेला धातू पाण्यात ओतून दाणे पाडतात आणि ते नत्राम्लात, म्हणजे तेजाबात उकळतात. चांदी आणि तांबे विरघळून जातात, तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन, टाकणखार घालून पुन्हा आटवली की लगड तयार. उरलेल्या तेजाबात तांब्याची पट्टी टाकली की चांदी खाली बसते. मग लोखंडाचा तुकडा टाकला की तांबे बसते. काहीही वाया जात नाही. सोनाराच्या दुकानातली धूळ, भट्टीची राख आणि हात धुतलेले पाणी विकत घेऊन त्यातून सोने काढणारे झारेकरी हे याच विद्येचे धाकटे भाऊ. टनामागे काही ग्रॅमचा कस असलेला माल किफायतशीर करणे म्हणजे काय, हे झारेकऱ्याला कोणत्याही खाण-अभियंत्याइतके कळते.

१६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि टंच काढणारी क्ष-किरण यंत्रे गल्लोगल्ली आली. मिनिटभरात आकडा देणारे यंत्र सोयीचे आहे, पण ते वस्तूचा पृष्ठभाग वाचते. वर मुलामा चढलेला असेल किंवा आत दुसरा धातू भरलेला असेल तर ते फसू शकते, म्हणून वादाच्या वेळी अखेरचा शब्द अग्निपरीक्षेचाच धरतात. नमुना शिशाबरोबर हाडाच्या राखेच्या वाटीत तापवायचा, शिसे हलके धातू घेऊन वाटीत जिरते, मागे सोने-चांदीचा मणी राहतो. खाणीचा खडक तपासतानाही हेच करतात. पद्धत हजारो वर्षे टिकली याचे कारण ती पदार्थाचा पूर्ण अंश मोजते.

मला या विद्येचा अभिमान वाटतो आणि तिच्या किमतीची काळजीही. नत्राम्लाचा तांबूस धूर फुप्फुसे जाळतो, शिशाची वाफ रक्तात उतरते, आणि परगावच्या सराफ गल्लीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत धुराडे असतेच असे नाही. गावाकडून पंधरा-सोळाव्या वर्षी भट्टीवर गेलेली मुले हा धूर कित्येक वर्षे पितात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार जुन्या यंत्रांतून धातू काढण्याचे काम नोंदणीकृत केंद्रांतच व्हायला हवे. अशा केंद्रांना लागणारी नेमकी माणसे खानापूर-आटपाडीत घरोघरी आहेत. फक्त त्यांच्या हातच्या कौशल्याला प्रमाणपत्र नाही. विट्यात धूर धुणारी धुराडी, हवाबंद तेजाबाच्या टाक्या आणि अग्निपरीक्षेची मान्यताप्राप्त प्रयोगशाळा असलेले प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, तर गलाईच्या मुलाला नोंदणीकृत केंद्रात तपासनीस म्हणून बसता येईल, आणि हट्टी-कोलारच्या ढिगाऱ्यांचे नमुने तपासायला लागणारे हातही तिथूनच मिळतील. जागा, पाणी आणि वीज यांची सोय करणे नगरपालिकेच्या आवाक्यातले आहे. अभ्यासक्रम आखायला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची आणि हॉलमार्क केंद्रांची माणसे लागतील, आणि शिकवायला तीस-चाळीस वर्षे भट्टीपुढे बसून गावी परतलेली विट्याची वडीलधारी मंडळी.